तीन देश, एक अभ्यासक्रम: मिडवाइफरीचे समान निकष कुठून सुरू करावेत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही इंदुरातल्या एका नर्सिंग कॉलेजात प्रसूतीचा विषय शिकवता. नेपाळ आणि बांगलादेशातल्या एकेका संस्थेबरोबर मिडवाइफरीच्या, म्हणजे गरोदरपणात आणि बाळंतपणात बाईची काळजी घेण्याच्या, शिक्षणाचे किमान समान निकष ठरवायचे आहेत आणि मसुद्याचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. तुम्ही विचारता की आंतरराष्ट्रीय निकष आहेतच, तर तेच उचलून थोडे सोपे करावेत का? तास किती धरावेत, बाळंतपणं किती? आणि असा कोर्स केलेली मुलगी तिन्ही देशांत काम करू शकेल का?

शेवटचा प्रश्न आधी मिटवते, कारण त्याचं उत्तर छोटं आहे: तेवढ्यावर नाही. निकष सारखे झाले म्हणून परवाना सारखा होत नाही. परवाना त्या त्या देशाची नर्सिंग-मिडवाइफरी कौन्सिल तिथल्या कायद्याप्रमाणे देते. युरोपात एका देशाची मिडवाइफ दुसऱ्या देशात काम करू शकते, पण ती काही कॉलेजांनी आपसात कागद केला म्हणून नव्हे. तिथे १९८० पासून त्यासाठी कायदेशीर निर्देश आहेत आणि आजचा २००५ चा निर्देश सदस्य देशांवर बंधनकारक आहे. तीन संस्थांच्या करारात ती ताकद नसते. माहितीपत्रकात कोणी ‘तिन्ही देशांत मान्य’ असं छापायला निघालं तर तिथेच अडवा. त्या एका ओळीवर विश्वास ठेवून आईबाप कर्ज काढतात.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही विचारताय कागदाबद्दल, पण तुमची खरी अडचण विश्वासाची आहे. तुमच्या विद्यार्थिनीच्या फाइलवर ‘स्वतंत्रपणे बाळंतपण केले’ असं लिहून सही असेल, तर काठमांडूच्या शिक्षिकेने ते खरं का मानावं? आणि त्यांच्या फाइलवरची सही तुम्ही का मानावी? याचं उत्तर मसुद्यात नसेल तर बाकी मसुदा कितीही देखणा असला तरी तो कपाटात जाणार. त्यामुळे मी निकषांच्या भाषेपेक्षा तपासणीवर जास्त लिहिणार आहे.

नव्याने निकष लिहायच्या भानगडीत पडू नका. इंटरनॅशनल कॉन्फेडरेशन ऑफ मिडवाइव्ह्ज, म्हणजे आयसीएम, यांचे शिक्षणाचे जागतिक निकष २०१० मध्ये आले आणि २०१३ व २०२१ मध्ये सुधारले गेले. थेट प्रवेश असेल तर किमान तीन वर्षं, आधी नर्स झालेली असेल तर किमान अठरा महिने. अभ्यासक्रमात थिअरी किमान ४० टक्के, प्रत्यक्ष काम किमान ५० टक्के. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरीचं प्रशिक्षण अठरा महिन्यांचंच आहे. बांगलादेशाने २०१३ मध्ये तीन वर्षांचा थेट प्रवेशाचा डिप्लोमा सुरू केला. नेपाळने २०१६ च्या सुमारास पदवी सुरू केली. म्हणजे तुमच्या टेबलाभोवती तीन वेगवेगळ्या दारांनी आत आलेल्या मुली असतील. एकीला आधीच सलाइन लावता येतं, वॉर्ड कसा चालतो ते माहीत आहे. दुसरी बारावीनंतर थेट आलेली. दोघींना एकच वेळापत्रक लावाल तर एकीचा वेळ फुकट जाईल आणि दुसरीची दमछाक होईल.

म्हणून ‘कोर्स किती तासांचा’ हा मुद्दा पहिल्या बैठकीत आणू नका. मी अशा चर्चांना बसले आहे. दुपारच्या चहापर्यंत तासांची बेरीज-वजाबाकी होते, प्रत्येक जण आपल्या कौन्सिलचं परिपत्रक काढतो आणि बाईच्या बाळंतपणाबद्दल कोणी चकार शब्द बोलत नाही. उलट्या बाजूने सुरुवात करा. कोर्स संपल्यावर पहिल्याच नाइट ड्यूटीला, डॉक्टर तासभर लांब असताना, या मुलीला एकटीने काय काय करता आलं पाहिजे? ती यादी तिन्ही देशांत जवळजवळ सारखी निघते, कारण बाळंतीण दगावण्याची कारणं सगळीकडे बरीचशी तीच आहेत: रक्तस्राव, झटके, जंतुसंसर्ग, अडलेलं बाळंतपण. मूलभूत आपत्कालीन प्रसूतिसेवेची सात कामं सगळ्यांना पाठ असतात: शिरेतून किंवा स्नायूतून अँटिबायोटिक, गर्भाशय आकुंचन पावायचं औषध, झटक्यांवरचं औषध, अडकलेली वार हाताने काढणं, आत राहिलेले अवशेष काढणं, व्हॅक्यूमसारखी मदत देऊन बाळंतपण करणं आणि न रडणाऱ्या बाळाला बॅग-मास्कने श्वास देणं. ही सात आणि नॉर्मल बाळंतपणाची संपूर्ण देखभाल, हा तुमच्या समान निकषांचा गाभा.

इथे परिस्थितीप्रमाणे बदलणारी पहिली गोष्ट येते, ती म्हणजे कायदा. आपल्याकडे एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सताईलासुद्धा, गर्भाशय आकुंचन पावायला ऑक्सिटोसिन, मिसोप्रोस्टॉल आणि झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायची मुभा दिलेली आहे. व्हॅक्यूम मात्र बहुतेक ठिकाणी डॉक्टरच लावतात. एका देशात जे मिडवाइफचं काम, ते दुसऱ्या देशात डॉक्टरचं असू शकतं. यावर माझा उपाय साधा आहे: यादीत दोन रकाने ठेवा. एकात ‘शिकलेली आणि तपासलेली’, दुसऱ्यात ‘या देशात स्वतः करायची परवानगी’. पहिला रकाना तिघांचा एक, दुसरा ज्याचा त्याचा. परवानगी नाही म्हणून शिकवायचंच नाही, असं एकदा सुरू झालं की निकष सगळ्यांत कडक कायद्याच्या पातळीवर उतरतात.

आता आकडे. याबद्दल मला बरंच बोलायचं आहे.

युरोपियन निर्देशात विद्यार्थिनीने किमान ४० बाळंतपणं स्वतः करायची असतात. तेवढ्या बायका मिळत नसतील तर ३०, पण मग आणखी २० मध्ये मदतनीस म्हणून हजर राहायचं. शिवाय गरोदरपणातल्या १०० तपासण्या, १०० बाळंतिणी आणि निरोगी बाळं, धोक्याच्या ४० बायका. ऑस्ट्रेलियात बाळंतपणांबरोबर दहा बायकांना गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत सलग सोबत करावी लागते. आपल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं २० नॉर्मल बाळंतपणं लिहीत आलो. तुमच्या समितीत कोणी तरी म्हणेलच, ‘चला, चाळीस धरू, युरोपासारखे.’ धरा. मी आकड्यांच्या विरोधात नाही. आकडा नसेल तर दहा बाळंतपणं बघून सही मिळते. पण आकडा एकटा ठेवला तर काय होतं ते परीक्षक म्हणून मी पुष्कळदा पाहिलं आहे.

एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं लॉगबुक, म्हणजे केलेल्या बाळंतपणांची नोंदवही, उघडलं की लगेच कळतं. सगळ्या बाळांची वजनं २.८ नाहीतर ३ किलो. अपगार, म्हणजे जन्मताच बाळाच्या प्रकृतीला दिलेले दहापैकी गुण, सगळीकडे ८ आणि ९. वार नेमकी दहा मिनिटांत पडलेली, रक्तस्राव ‘नॉर्मल’, आणि बाळंतपणं सगळी दिवसा. खरं लॉगबुक घाणेरडं असतं. त्यावर बीटाडीनचा डाग असतो, रात्री ३.२० ची नोंद असते, एखाद्या पानावर अपगार ४ आणि मग ७ असतो आणि बाजूला घाईत लिहिलेलं असतं, ‘बॅग-मास्क दिलं, पीडिअॅट्रिकला फोन.’ माझा सल्ला असा की तपासणारीने आकडा मोजू नये. कुठल्याही तीन नोंदींवर बोट ठेवून मुलीला त्या बाईची हकिगत विचारावी. कितवं बाळंतपण होतं, कळा कधी सुरू झाल्या, तू आत आलीस तेव्हा ती कशी होती, टाके पडले का, दूध कधी पाजलं. जिने केलंय ती सांगत सुटते. जिने नाही केलं ती पुस्तकातलं बाळंतपण सांगते.

आकड्यांचा दुसरा धोका जास्त वाईट आहे आणि त्याबद्दल कागदावर कुणी लिहीत नाही. जुन्या फाइलमध्ये ‘एपिझिओटॉमी: ५’ असा रकाना असायचा. म्हणजे योनिमार्गाला कात्री लावून टाके घालणं, पाच वेळा. आता फाइल जमा करायची तारीख जवळ आली आहे, मुलीच्या तीनच झाल्या आहेत आणि समोर पहिलटकरीण आहे, जिचं बाळंतपण कात्री न लावता सहज होईल. काय होणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्टच म्हटलं आहे की सरसकट एपिझिओटॉमी करू नये. पण अभ्यासक्रमातला रकाना कात्री लावायला सांगतो आणि दुखतं त्या बाईला. तीच गोष्ट पीव्हीची, म्हणजे योनिमार्गातून केलेल्या तपासणीची. नॉर्मल चाललेल्या कळांमध्ये चार चार तासांनी आतून तपासणी पुरते. पण चार मुलींच्या फाइली अपुऱ्या असल्या की एकाच बाईची चार वेळा तपासणी होते, एकामागून एक. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीहून आलेली भिल्ल बाई यावर काही बोलत नाही. तिला हिंदीत विचारलं जातं, तिला नीट समजत नाही, ती मान हलवते आणि ती संमती धरली जाते.

म्हणून जिथे कृतीमुळे बाईला इजा होऊ शकते तिथे आकडा ठेवूच नका. कात्री लावणं आणि टाके घालणं मॉडेलवर शिकवा आणि तिथेच तपासा. कात्री कधी लावायची नाही हे विचारा. आपोआप फाटलेल्या जागेची दुरुस्ती देखरेखीखाली करू द्या. युरोपियन निर्देशातही अगदीच गरज पडल्यास टाके घालण्याचा सराव कृत्रिम पद्धतीने चालतो. आणि संमतीचा निकष असा लिहा: ‘बाईला समजेल त्या भाषेत विचारलं, तिने काय उत्तर दिलं ते नोंदवलं.’ नुसतं ‘सन्मानाची वागणूक’ लिहिलं तर ते तिन्ही देशांत एका झटक्यात मंजूर होतं आणि तपासायचं कसं ते कुणालाच ठाऊक नसतं.

आकडे पूर्ण करायला बायका कुठून येणार, हाही प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत खासगी दवाखान्यांतल्या ४७.४ टक्के बाळंतपणांत सिझर झालेलं दिसतं, सरकारीत १४.३ टक्के. तुमच्या कॉलेजाचं पोस्टिंग फक्त खासगी प्रसूतिगृहात असेल तर मुली ऑपरेशन थिएटरात ट्रॉली लावायला तरबेज होतील, पण कळा घेणाऱ्या बाईजवळ सहा तास धीराने बसणं म्हणजे काय ते त्यांना कळणार नाही. मसुद्यात पोस्टिंगच्या जागेची अट घाला: नॉर्मल बाळंतपणं पुरेशी होणारी जागा, आणि तिथे शिकाऊ मुलींचं प्रमाण ठरवलेलं. एकाच लेबर रूममध्ये चार कॉलेजांच्या मुली भिंतीला टेकून उभ्या असतात, हे दृश्य तुम्हाला नवीन नसेल.

थोडक्यात इथवर: शेवटच्या टोकापासून सुरू करा, कायद्याचा रकाना वेगळा ठेवा, आकडे ठेवा पण हकिगत विचारा, आणि इजा करणाऱ्या कृतींना आकडा देऊ नका. आता शिक्षिकांकडे वळते.

समान निकषांत सर्वांत जास्त वजन मी या मुद्द्याला देते: शिकवणारी बाई स्वतः बाळंतपणं करते का? आपल्याकडे ट्यूटर झालं की लेबर रूम सुटते. मग दहा वर्षं झाली तरी ती तोच पार्टोग्राफ, म्हणजे कळांची प्रगती नोंदवायचा तक्ता, शिकवते, ज्यात चार सेंटिमीटरपासून तासाला एक सेंटिमीटर अशी रेघ असायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सक्रिय कळांची सुरुवात पाच सेंटिमीटरपासून धरली आणि २०२० च्या डिसेंबरात नवीन लेबर केअर गाइड काढलं. त्यात बाईजवळ सोबतीला कुणी आहे का, तिला पाणी दिलं का, ती कोणत्या स्थितीत आहे, हेही भरायचं असतं. जिने ते गाइड स्वतः एका रात्रीत भरलेलं नाही ती ते फळ्यावर काढून दाखवेल, पण हाताखालच्या मुलीचं काय चुकतंय ते तिला दिसणार नाही.

बांगलादेशाला ही अडचण फार मोठ्या प्रमाणावर आली. तिथे मिडवाइफरीचा डिप्लोमा सुरू झाला तेव्हा शिकवायला मिडवाइफ नव्हत्याच, नर्सिंगच्या शिक्षिका होत्या. त्यांनी स्वीडनच्या डालार्ना विद्यापीठाबरोबर ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षणाची सोय केली आणि शिक्षिका नोकरी सांभाळून शिकल्या. तुमच्या समितीत बांगलादेशी सहकारी असतील तर या बाबतीत त्यांना बोलू द्या, तुम्ही ऐका. आपल्याला वाटतं आपण मोठा देश म्हणून आपण शिकवायचं. इथे त्यांचा अनुभव आपल्याहून जास्त आहे. मी निकषात एवढंच लिहीन की मिडवाइफरी शिकवणाऱ्या प्रत्येकीने आठवड्यातला ठरावीक वेळ लेबर रूममध्ये प्रत्यक्ष काम करावं आणि त्याची नोंद परीक्षेच्या वेळी दाखवावी. तुमच्या प्रिन्सिपलना हे आवडणार नाही. वेळापत्रकाची बोंब होईल. तरी लिहा.

आता तपासणी. मध्यप्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेतल्या गैरव्यवहाराचं प्रकरण तुम्हाला मी सांगायला नको. हायकोर्टाने कॉलेजांचा तपास सीबीआयकडे दिला, आणि २०२४ च्या मे महिन्यात तपास करणाऱ्यांपैकीच काही जण लाचेच्या आरोपात पकडले गेले. यावरून मी एवढंच घेते की इमारत, पलंगांची संख्या आणि प्राध्यापकांची यादी पाहून मान्यता द्यायची पद्धत फसवायला सोपी आहे. मुलीचा हात फसवता येत नाही. म्हणून शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेला तिघांपैकी दुसऱ्या देशाची एक परीक्षक समोर असावी, ही अट मी कुठल्याही परिस्थितीत सोडणार नाही. सगळ्या मुलींना नाही जमलं तर चिठ्ठ्या टाकून काही निवडा.

अशी एक परीक्षा कशी असावी ते सांगते. पलंगावर मॉडेल, खाली मोजपट्टी असलेली रक्त मोजायची पिशवी. बेळगावच्या जे.एन. मेडिकल कॉलेजातल्या संशोधनातून अशी पिशवी पुढे आली होती, आणि २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत तशी पिशवी आणि उपचारांची एकत्र साखळी वापरल्यावर गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. मुलीला सांगायचं: बाळ झालं, वार पडली, ऑक्सिटोसिन दिलं आहे. परीक्षक पिशवीत लाल पाणी सोडत राहते. मुलगी पिशवीकडे बघते का? की ‘ब्लीडिंग थोडं जास्त वाटतंय’ म्हणत बाळ पुसत बसते? गर्भाशय मऊ लागल्यावर मदतीला हाक मारते का? मसाज, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड १ ग्रॅम शिरेतून, सलाइन, लघवीची पिशवी रिकामी करणं, कुठे फाटलंय का ते पाहणं, हे एकापाठोपाठ न अडखळता होतं का? आणि या सगळ्यात ती पलंगावरच्या बाईशी एक वाक्य तरी बोलते का? परीक्षकाकडे बारा-पंधरा ओळींची यादी, प्रत्येक ओळीला हो किंवा नाही. ढाक्याची परीक्षक आणि इंदूरची परीक्षक दोघींनी एकाच मुलीला वेगवेगळं तपासलं आणि दोघींचे गुण जुळले, तर तुमचे निकष समान आहेत. जुळले नाहीत तर यादीची भाषा दुरुस्त करायची, मुलीला नापास करायचं नाही.

हे निकष दर तीन-चार वर्षांनी उघडून पाहायची अट घाला, नाहीतर आजचं लेबर केअर गाइड उद्याचा जुना पार्टोग्राफ होईल.

एक गोष्ट जरा कडू आहे, पण सांगून ठेवते. अफगाणिस्तानात २००० नंतर मिडवाइफरीच्या शाळांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय मंडळ बसवलं गेलं, शाळा तपासल्या गेल्या, खेड्यापाड्यांत मिडवाइफ पोचल्या. डिसेंबर २०२४ मध्ये एका आदेशाने मुलींचं ते शिक्षणच बंद झालं. निकष कितीही चांगले असले तरी सरकार त्यांच्या पाठीशी असावं लागतंच. आपल्याकडे राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आहे. तेव्हा मसुद्यावर भारताच्या बाजूने कुणाची सही चालेल हे भोपाळ आणि दिल्ली दोन्हीकडे आधी लेखी विचारून घ्या, तोंडी आश्वासनावर पुढे जाऊ नका.

पहिल्या बैठकीला पॉवरपॉइंट नको. प्रत्येक संस्थेने नावं झाकलेली पाच लॉगबुकं आणि आपली प्रात्यक्षिक परीक्षेची गुणपत्रिका घेऊन यावं, आणि दुसऱ्या देशाच्या शिक्षिकेने ती वाचून प्रश्न विचारावेत. अर्ध्या दिवसात कळेल की कुणाच्या मुली काय करतात आणि कुणाच्या फाइली काय करतात. परदेशी परीक्षकांचा प्रवासखर्च कोण उचलणार तेही त्याच दिवशी ठरवून घ्या. पैसे कमी पडले की सगळ्यांत आधी कात्री त्यालाच लागते.